किल्ला, किल्ली आणि कुलूप

मोहेल्नित्सेच्या बसस्टँडवर त्या शनिवारी सकाळी आम्ही दोघीच होतो. त्या बाई सत्तरीच्या असाव्यात. अंगात तपकिरी कोट, डोक्याला रुमाल, पुसून लख्ख केलेले बूट. मांडीवर एक कापडी पिशवी होती आणि तिच्यावर दोन्ही हात असे ठेवलेले, की आत काहीतरी मोडण्यासारखं आहे हे लांबूनच कळावं. मी ‘दोब्री देन’ म्हटलं, त्यांनीही म्हटलं. माझी चेक भाषा यापुढे चाळीसेक शब्द चालते, मग दम टाकते.

मी तिथे कामासाठी गेले होते. मोहेल्नित्से हे चेक प्रजासत्ताकाच्या मोराव्हिया प्रांतातलं छोटं शहर, ओलोमोउत्सहून रेल्वेने प्राहाकडे, म्हणजे आपल्या प्रागकडे, निघालं की अर्ध्या तासात येतं. विजेच्या मोटारींचं गाव; गाड्या नव्हेत, यंत्रं फिरवतात त्या मोटारी. इथे पिढ्यान्‌पिढ्या मोटारी बनतात. मीही त्याच धंद्यातली; ठाण्याची. आमच्याकडच्या एका प्रकल्पासाठी तीन महिने इथे राहायचं होतं. आठवडाभर वाइंडिंग, इन्सुलेशन आणि तापमानवाढीचे तक्ते, शनिवार-रविवार मोकळे. पहिल्या दोन शनिवारांत लोश्तित्सेला जाऊन तिथलं ते प्रसिद्ध चीज खाऊन झालं. त्याचा वास असा, की घरी आणल्यावर घरमालकीणबाईंनी हसत हसत ते खिडकीबाहेर ठेवायला लावलं. मला मात्र सुक्या बोंबलाच्या घरात वाढल्याचा तेव्हा पहिल्यांदा उपयोग झाला.

तिसऱ्या शनिवारी माझी तिथली सहकारी मला बोउझोवचा किल्ला दाखवायला घेऊन गेली. बोउझोव म्हणजे लहान मुलाने चित्रात काढावा तसा किल्ला. टोकदार मनोरे, लाकडी सज्जे, खंदक, पूल. मुळात मध्ययुगातला, पण आजचं रूप 1895 ते 1910 या काळात ट्यूटॉनिक ऑर्डर या जुन्या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या सरदारांनी हौसेने बांधून घेतलेलं. परीकथांच्या सिनेमांचं शूटिंग तिथे नेहमी चालतं. परतताना तिने मुद्दाम आडवाटेने गाडी घेतली. रस्त्याच्या कडेला सफरचंदांची झाडं, मध्येच दाट रान, आणि एका वळणावर टेकाडावर आणखी एक किल्ला. मोठा, फिकट भिंतींचा, बोउझोवइतका नटलेला नाही. पण मला तोच जास्त खरा वाटला.

“याचं तिकीट किती?” मी विचारलं.

“इथे तिकीट मिळत नाही,” ती म्हणाली. “शिक्षा मिळते.”

तो मीरोव. वर कडक बंदोबस्ताचा तुरुंग, खाली त्याच नावाचं तीन-चारशे वस्तीचं गाव. चेक प्रजासत्ताकात सगळ्यात कडक तुरुंग कोणते असं विचारलं तर दोन नावं येतात, वाल्दित्से आणि मीरोव. वाल्दित्से हा पूर्वीचा मठ, मीरोव हा पूर्वीचा गड. फाशीची शिक्षा त्या देशाने 1990 मध्ये रद्द केली, त्यामुळे जन्मठेपेच्या कैद्यांना ठेवायचं तर या दोन जागांची नावं आधी निघतात.

गाडीत मग शब्दांचा खेळ सुरू झाला. चेक भाषेत ‘मीर’ म्हणजे शांतता, युद्धाच्या उलट असते ती. गावाच्या नावाचा उगम काही का असेना, आजच्या चेक कानाला तुरुंगाच्या नावात शांतता ऐकू येतेच. मी त्या किल्ल्याला सारखं ‘झामेक’ म्हणत होते, कारण पाट्यांवर तोच शब्द वाचला होता. तिने दुरुस्त केलं. झामेक म्हणजे सरदार-दरकदारांचा राहता वाडा. हा ‘ह्राद’, लढायचा गड. “आणि झामेकचा आणखी एक अर्थ आहे,” असं म्हणून तिने गाडीच्या दाराकडे बोट केलं. कुलूप. एकाच शब्दात वाडाही आणि कुलूपही.

मी तिला सांगितलं, आमच्या भाषेत किल्ला म्हणजे गड आणि किल्ली म्हणजे चावी. तिला हे इतकं आवडलं की सोमवारी कँटीनमध्ये तिने सगळ्यांना सांगितलं. तुमच्याकडे कुलूप, आमच्याकडे किल्ली. असं म्हणून आम्ही दोघी मोटारींच्या टेस्ट बेंचकडे निघालो खऱ्या, पण तो गड माझ्या डोक्यातून जाईना. आणि पुढच्या शनिवारी मी बसस्टँडवर येऊन बसले.

बस आली. बाई पुढे चढल्या, ड्रायव्हरला नावाने हाक मारून त्यांनी तिकीट घेतलं. मी त्यांच्या पलीकडच्या सीटवर बसले. गावाबाहेर पडल्यावर त्यांनी मला काहीतरी विचारलं, त्यातलं ‘मीरोव’ कळलं. मी हो म्हटलं. मी ‘तुम्ही?’ एवढंच विचारू शकले. त्या म्हणाल्या, “नाव्श्तेवा.” हा शब्द मला येत होता, घरमालकीणबाईंकडे पाहुणे आले की त्या हाच शब्द वापरायच्या. भेटीला जाणं. मग त्या म्हणाल्या, “क सिनोवी.” मुलाकडे. हाही शब्द येत होता, कारण ‘सिन’ आणि आपल्या संस्कृतातला ‘सूनु’ हे एकाच कुळातले आहेत, आणि अशा गोष्टी माझ्या लक्षात राहतात, कामाच्या राहत नाहीत. मला वाटलं, मुलगा गावात राहतो, आई शनिवारी खाऊ घेऊन चाललीय. मी हसून मान हलवली. त्याही हसल्या.

बस पंधरा-वीस मिनिटांत पोचली. वाटेत मीरोवका नावाचा एक ओढा रस्त्याला सोबत करतो. धुकं होतं, गड दिसत नव्हता. आम्ही उतरलो आणि बाई मुलाकडे जायला खालच्या घरांकडे वळल्या नाहीत. त्यांनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि वरचा रस्ता धरला.

मी तिथेच उभी राहिले. माझ्या हातात फोन होता, कॅमेरा उघडलेला. धुक्यातून गड थोडा थोडा बाहेर येत होता, फोटो चांगला आला असता. फ्रेममध्ये त्या बाई होत्या. मी फोन खिशात टाकला.

मी ठाण्याच्या खारकर आळीतली. म्हणजे तुरुंगाच्या सावलीतली, असं मी आज म्हणते. लहानपणी तशी काही सावली आम्हाला जाणवली नव्हती. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे ठाण्याचा किल्लाच आहे, हे कित्येक ठाणेकरांना सांगावं लागतं. खाडीकाठचा हा किल्ला पोर्तुगीजांनी 1730 च्या सुमारास बांधायला घेतला. 1737 मध्ये साष्टीच्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला, 1774 मध्ये इंग्रजांनी. पुढे त्याचा तुरुंग झाला. 1848 च्या मे महिन्यात राघोजी भांगरे यांना तिथे फाशी दिलं, 19 एप्रिल 1910 ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना. हे सगळं पुस्तकात वाचलेलं. रोजच्या आयुष्यात जेल म्हणजे पत्ता सांगायची खूण. कोर्टनाक्यावरून कळवा पुलाकडे जाताना लागते ती लांबच लांब भिंत. रिक्षावाल्याला ‘जेलच्या पुढे घ्या’ असं म्हणताना कुणाला काही वाटत नाही. ‘जेलच्या आत’ कोण आहे, हा प्रश्न तर पडतच नाही.

एकच आठवण वेगळी आहे. मी पाचवी-सहावीत असेन. आजीबरोबर बाजारातून येताना जेलच्या दाराबाहेर बायका बसलेल्या दिसायच्या. पिशव्या, डबे, कडेवर मुलं. कुणी भिंतीच्या सावलीला सरकून सरकून बसलेली. मी टक लावून बघायचे. आजी माझं मनगट ओढायची. “तिकडे बघू नये. त्या काय जत्रेला आल्यात?” मी विचारलं, मग कशाला आल्यात? “मुलाखतीला,” आजी म्हणाली. मुलाखत म्हणजे मला रेडिओवरची माहीत होती. या बायकांची मुलाखत कोण घेतं, असं मला कित्येक दिवस वाटत राहिलं.

मीरोवमध्ये उभी असताना ते मनगट पुन्हा ओढलं गेलं.

गावात बघण्यासारखं फार काही नाही, आणि हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. एक मुख्य रस्ता, उतरत्या छपरांची घरं, परसात आलुबुखाराची झाडं आणि हिवाळ्यासाठी रचून ठेवलेली लाकडं. एक आजोबा पानं झाडत होते. त्यांच्या डोक्यावर, अक्षरशः डोक्यावर, गड. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. मी अर्धा तास त्या रस्त्याने फिरत होते. वर बघणारी मी एकटीच. माझ्या सहकारी मैत्रिणीची आजी याच गावातली, आणि एक काका त्या तुरुंगात पहारेकरी होते. तिला मी नंतर विचारलं, लहानपणी तू सुट्टीत इथे यायचीस, तुला भीती नाही वाटली? ती म्हणाली, आमच्या आजीकडे घराच्या खिडक्या रस्त्याच्या बाजूला होत्या. मला वाटलं तिला प्रश्न कळला नाही. मग कळलं की तेच उत्तर होतं.

गड मूळचा तेराव्या शतकातला, ओलोमोउत्सच्या बिशपांचा. बिशपांची जहागीर मोठी, तिचं रक्षण करायला गड हवा. आणि गड असला की तळघर असतं, तळघर असलं की त्यात ठेवायला माणसं सापडतात. वाट चुकलेल्या, म्हणजे बिशपांच्या मते वाट चुकलेल्या पाद्रींना इथे डांबत. पुढे सतराव्या शतकात तुर्कांच्या स्वारीची धास्ती होती, तेव्हा कार्ल फॉन लिख्टेनश्टाइन-कास्टेलकोर्न या बिशपने गडाची तटबंदी भक्कम करून घेतली. तुर्क काही मीरोवपर्यंत आले नाहीत. भिंती मात्र झाल्या होत्या.

या बिशपबद्दल मी जरा जास्त वाचलं, आणि जितकं वाचलं तितका तो मला आवडेनासा झाला. माणूस रसिक. क्रोमेर्जीझचा राजवाडा आणि फुलबाग त्यानेच उभी केली. ती आज युनेस्कोच्या यादीत आहे आणि बघायला खरोखर सुंदर आहे. संगीताचा षौक, चित्रांचा षौक. तित्सियान (टिशियन) या इटालियन चित्रकाराचं एक उत्तरकालीन चित्र त्याने 1673 मध्ये विकत घेतलं, ते आजही क्रोमेर्जीझलाच आहे. देवाशी वाजवण्याची पैज हरलेल्या मार्सियासला उलटं टांगून त्याची कातडी सोलतायत, असं ते चित्र. खाली एक कुत्रं रक्त चाटतंय. चित्र म्हणून थोर आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं त्याच बिशपच्या दुसऱ्या एका संग्रहाबद्दल आहे.

1678 च्या ईस्टरला उत्तर मोराव्हियातल्या सोबोतीन गावच्या चर्चमध्ये एका म्हाताऱ्या भिकारणीने प्रसादाची चकती तोंडात घेतली, पण गिळली नाही. हळूच काढून फडक्यात गुंडाळली. एका पोराने ते पाहिलं. चौकशीत म्हातारीने सांगितलं, एका सुइणीने मागितली होती. तिची गाय दूध देत नव्हती. प्रसाद खायला घातला तर देईल असं तिला वाटलं. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला ही गोष्ट सांगा, ती म्हणेल, मग त्यात काय एवढं? आमच्याकडे गायीला अंगारा लावतातच की.

तिथे मात्र त्यावरून चेटकिणींचे खटले उभे राहिले. वेल्के लोसिनीच्या जहागीरदारांनी बोब्लिग नावाच्या म्हाताऱ्या वकिलाला तपासाला बोलावलं. त्याचं कायद्याचं शिक्षणही पुरं झालेलं नव्हतं. पण एका कबुलीतून दुसरी दहा नावं कशी काढायची, हे त्याला बरोबर कळत होतं. छळ केला की माणूस नावं सांगतो, ज्यांची नावं सांगितली त्यांचा छळ केला की ते आणखी सांगतात. आरोपींची मालमत्ता जप्त होते, खटल्याचा खर्च त्यातून निघतो, तपास चालू राहतो. उत्तर मोराव्हियात शंभरच्या आसपास माणसं यात गेली, बहुतेक बायका. भिकारणीपासून सुरू झालेलं प्रकरण सुखवस्तू घरांपर्यंत आलं, आणि मग शुम्पेर्कच्या मुख्य पाद्रीपर्यंत.

क्रिश्तोफ आलोइस लाउट्नर हा तो पाद्री. शिकलेला, पुस्तकं बाळगणारा. त्याची स्वयंपाकीण आणि ओळखीची माणसं आधी पकडली गेली, त्यांच्याकडून याचं नाव काढलं. 1680 मध्ये त्याला अटक झाली आणि मीरोवच्या गडावर आणलं. पाद्रीला हात लावायचा तर बिशपची परवानगी लागते. रसिक बिशपने ती दिली. लाउट्नर पाच वर्षं मीरोवला होता. आधी त्याने काही कबूल केलं नाही; छळानंतर केलं. 18 सप्टेंबर 1685 ला त्याला मोहेल्नित्सेला नेऊन जिवंत जाळलं, प्रचंड गर्दीसमोर. बोब्लिगला कुणी काही केलं नाही. तो पुढे तेरा वर्षं जगून ओलोमोउत्सला अंथरुणात मेला.

मोहेल्नित्सेच्या मुख्य चर्चच्या समोरून मी रोज कामाला जायची. ते चर्च इंग्लंडच्या संत टॉमस बेकेटच्या नावाचं आहे. राजापुढे मान न तुकवल्याने जो मारला गेला तो पाद्री. लाउट्नरला जाळलं त्या दिवशी या चर्चमध्ये घंटा वाजली असेल का, असा विचार सकाळी पावणेआठला, एका हातात कॉफी घेऊन करायला बरा वाटत नाही. तरी तो यायचा.

1850 च्या दशकात गड ऑस्ट्रियाच्या सरकारकडे गेला आणि सरकारी तुरुंग झाला. आतलं बांधकाम पाडून, वाढवून कैद्यांच्या सोयीचं, म्हणजे गैरसोयीचं, केलं. तेव्हापासून राज्यं किती बदलली! सम्राट गेला, पहिलं प्रजासत्ताक आलं, जर्मन आले, गेले, कम्युनिस्ट आले, गेले. वर फडकणारं निशाण बदलत राहिलं. दाराच्या किल्ल्या मात्र एका सरकारने दुसऱ्याच्या हातात दिल्या. कुठल्याही सरकारला असं वाटलं नाही की या जागेचं आपल्याला काम नाही.

यातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते. मे 1945 मध्ये प्राहामध्ये जर्मनांविरुद्ध उठाव झाला, त्याचं लष्करी नेतृत्व जनरल कारेल कुत्लवाशर यांच्याकडे होतं. पहिल्या महायुद्धात झ्बोरोवच्या लढाईत लढलेला जुना सैनिक. 8 मे ला दुपारी जर्मन जनरल रुडोल्फ तुसां याने त्यांच्यासमोर शरणागतीच्या करारावर सही केली. करारात अशी अट होती, की जर्मन सैन्याने शहरातून निघून जावं; शहर वाचावं म्हणून कुत्लवाशर यांनी ती मानली. पुढे सत्तेत आलेल्या कम्युनिस्टांना ते खुपलं. सोव्हिएत लाल सैन्य पोचण्याआधीच प्राहा सुटलं, हेच मुळात खुपणारं होतं. डिसेंबर 1948 मध्ये कुत्लवाशर यांना अटक झाली, 1949 मध्ये जन्मठेप. त्यांना पाठवलं मीरोवला.

आणि मीरोवला तुसां होता. त्यालाही चेकोस्लोव्हाकियात जन्मठेप झाली होती. ज्याने सही केली आणि ज्याच्यासमोर केली, ते दोघे काही वर्षांतच एकाच गडात, एकाच शिक्षेत.

ते काय बोलले असतील? मला खूप दिवस या भेटीचं नाटक लिहावंसं वाटायचं. मग वाटलं, बोलले नसतील फारसे. सकाळच्या रांगेत, हातात पत्र्याची ताटली, एकमेकांकडे पाहिलं असेल. किंवा पाहिलं नसेल. कुत्लवाशर पुढे लेओपोल्दोवच्या तुरुंगात गेले. तोही एक किल्लाच, तोही तुर्कांसाठी बांधलेला, आता स्लोव्हाकियात. 1960 च्या माफीत सुटले, पेन्शन धड नाही, रात्रीचा पहारेकरी म्हणून काम करत होते आणि पुढच्या वर्षी गेले. प्राहा वाचवणारा जनरल रात्री कुठल्यातरी फाटकावर दिवा घेऊन बसलेला. तुसां 1961 मध्ये सुटून जर्मनीला गेला.

1948 नंतरच्या त्या वर्षांत मीरोवला असे कितीतरी होते. सैनिक, धर्मगुरू, शेतकरी, हिटलरविरुद्ध भूमिगत लढलेले आणि नंतर स्वतःच्याच सरकारचे शत्रू ठरलेले. गडाजवळ कैद्यांची दफनभूमी आहे. मी तिथे फार वेळ थांबले नाही. ओलं गवत, पडलेली पानं, शांतता. त्या गावाच्या नावातली.

मोहेल्नित्सेत कुणालाही मीरोवबद्दल विचारलं तर यातलं काही ऐकायला मिळत नाही. ऐकायला मिळतो कायीनेक. यिरझी कायीनेक हा खुनांसाठी जन्मठेप झालेला कैदी, 1993 मधल्या सुपारीच्या प्रकरणातला. मीरोवहून पळता येत नाही अशी ख्याती. ऑक्टोबर 2000 च्या शेवटी एका रात्री हा गज कापून, दोरावरून भिंत उतरून पसार झाला. सगळा देश चाळीस दिवस टीव्हीला चिकटून बसला. डिसेंबरात प्राहात सापडला. तोवर तो निम्म्या लोकांचा हिरो झाला होता. त्याच्यावर सिनेमा निघाला, तो निर्दोष आहे असं मानणारे खूप होते, आणि मे 2017 मध्ये राष्ट्राध्यक्ष मिलोश झेमान यांनी त्याला माफी दिली. कारखान्यातला एक फोरमन मला गज कसे कापले हे हातवारे करून दाखवत होता, जणू तोच दोर धरून खाली उभा होता. लाउट्नर? हो, ते शाळेत असतं. कुत्लवाशर? त्याने खांदे उडवले. मला राग आला. लगेच ओशाळायलाही झालं, कारण आमच्या ठाण्याच्या किल्ल्याची गोष्ट सांग म्हटलं तर मी कुठली सांगते? त्रिंबकजीची!

त्रिंबकजी डेंगळे, दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी. 1815 मध्ये पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला, त्यात इंग्रजांनी याला धरलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. देशी माणूस फितूर होईल म्हणून पहाऱ्याला सगळे गोरे सोजीर. तर किल्ल्यातल्या एका साहेबाच्या घोड्याचा मोतद्दार मराठा होता. तो रोज घोडा फिरवताना त्रिंबकजीच्या खिडकीखालून गाणं म्हणत जायचा. गोऱ्यांना वाटायचं, गातोय बिचारा. गाण्यात सगळा बेत होता. सप्टेंबर 1816 च्या एका पावसाळी रात्री त्रिंबकजी भिंतीच्या भोकातून पसार. ही गोष्ट मी कँटीनमध्ये सांगितली तेव्हा फोरमनने टेबलावर थाप मारली. कायीनेकला असा गाणारा असता तर! मी लोकांना हसवलं, टाळ्या घेतल्या. त्रिंबकजी पुढे पकडला गेला आणि काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात कैदेतच मेला, हे सांगितलं नाही. शास्त्र्यांचा खून तर दोन शब्दांत आटोपला. राघोजी भांगरेंचं नावही काढलं नाही. जेवणाच्या सुट्टीत कोण काढतं?

पळून गेलेल्याची गोष्ट सांगताना आपण भिंतीच्या बाहेर उभे असतो आणि तो आपल्याकडे येत असतो. म्हणून ती सोपी. जो आत राहिला त्याची गोष्ट ऐकायची तर आपल्याला आत जावं लागेल.

या सगळ्यात आजीचं ते ‘बघू नये’ मी कुठे बसवू, हे मला अजून उमगलेलं नाही. इतकी वर्षं मी ते अपराधासारखं वागवत होते. आपण बघितलं नाही, आपल्या गावातल्या त्या भिंतीकडे कधी मान वर करून पाहिलं नाही, आणि सहा हजार किलोमीटरवर येऊन दुसऱ्यांचा तुरुंग डोळे फाडून बघतो आहोत. पण त्या बाई वरच्या रस्त्याला लागल्या तेव्हा पानं झाडणारे आजोबा थांबले होते. खराटा उभा धरून त्यांनी ‘दोब्री देन’ म्हटलं, त्यांच्या नावासह. मग त्या पुढे गेल्यावर पुन्हा खाली बघून झाडायला लागले. त्यांनी वर पाहिलं नाही ते गडाकडे. बाईंकडे नीट पाहिलं होतं. आजीलाही, मला आत्ता आठवतं, त्या बायकांत कुणी ओळखीची होती. एकदा तिने पिशवीतली केळी त्यातल्या एकीच्या पोराला दिली होती, आणि मला म्हणाली होती, घरी सांगू नकोस.

परतीची बस दुपारची. थांब्यावर मी आधी पोचले. बाई उतरून आल्या तेव्हा धुकं पूर्ण हटलं होतं आणि गड उन्हात होता, बोउझोवपेक्षा देखणा. त्यांचे बूट चिखलाने भरले होते. पिशवी सकाळी होती तितकीच जड, दोन्ही हातांनी धरलेली.

बसमध्ये आम्ही सकाळच्याच जागी बसलो. मी काहीच विचारलं नाही. विचारायला शब्दही नव्हते, आणि चेक भाषा पुरी येत नसल्याचे त्या दिवशी मी आभार मानले. थोड्या वेळाने त्यांनीच पिशवी उघडली. आत नॅपकिनमध्ये बांधलेला बाबोव्का होता, मधोमध भोक असलेला तो घरगुती केक, वरून पिठीसाखर पेरलेली. अख्खा. सुरी नव्हती. त्यांनी हाताने मोठा तुकडा मोडला, माझ्यापुढे धरला.

“दोमात्सी,” त्या म्हणाल्या. घरचा.

मी घेतला. त्यांनी दुसरा तुकडा मोडला आणि उठून, सीटच्या दांड्या धरत धरत, ड्रायव्हरला नेऊन दिला. त्याने एका हाताने घेतला. तिसरा स्वतःला. केक कोकोचा होता, थोडा कोरडा, आणि मला भूक लागलेली होती. पुढच्या वळणावर गड माझ्या बाजूच्या खिडकीत आला असणार. मी मांडीवरचा चुरा वेचत होते, त्या नॅपकिनची दुसरी बाजू माझ्यासाठी धरून बसल्या होत्या.